सुरक्षित पुडी

ऑफिसात त्याला पाठीमागे पुडीवाला म्हणत. तोंडावर 'सर' म्हणत, पण ते 'सर' इतकं लांबवून म्हणत की शहाण्या माणसाने काय ते समजून घ्यावं. हा गृहस्थ समजून घेत नसे. 'सर' ऐकलं की त्याची मान बोटभर आणखी ताठ व्हायची आणि खुर्ची मागे ढकलून तो समोरच्याला ज्ञान पाजायच्या तयारीला लागायचा.

पुडीवाला या नावाला दोन अर्थ होते. एक म्हणजे तो पुड्या बांधायचा आणि दुसरा म्हणजे पुड्या सोडायचा. पहिला त्याचा धंदा होता, दुसरा स्वभाव.

धंदा असा. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यांच्या खाली एक प्रोग्राम बसलेला असतो. मेमरी त्याच्या ताब्यात, डिस्क त्याच्या ताब्यात, कुणी जगायचं आणि कुणी मरायचं तेही त्याच्याच हातात. त्याला कर्नल म्हणतात. हा कर्नल मोठा उर्मट. त्याला आकडे द्यायचे, तो आकडे परत देतो, आणि एखादा आकडा चुकला तर समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. म्हणून साधे प्रोग्रामर त्याच्या दारात सहसा जात नाहीत. मधे कुणीतरी बसतो, कर्नलला मारायची ओबडधोबड हाक एका नीटस फंक्शनमध्ये गुंडाळतो, वर बरंसं नाव चिकटवतो आणि ती पुडी बाकीच्यांच्या हातात देतो. तो मधला कुणीतरी म्हणजे आपला हा. त्याच्या सासूबाईंना कित्येक दिवस वाटत होतं की जावई लष्करातल्या कुणा कर्नलकडे कामाला आहे. शेजारणींना त्या तसं सांगतही असत. त्यांचा गैरसमज घरात कुणी दूर केला नाही, कारण जावयाबद्दल त्यांना आदर वाटावा असं दुसरं काही सापडत नव्हतं.

सगळ्या पुड्यांमध्ये त्याची लाडकी पुडी मेमरी मॅपिंगची. फाइल वाचायची साधी रीत म्हणजे तुकडा तुकडा उचलून आणायचा. मॅपिंगमध्ये कर्नलला सांगायचं, ही अख्खी फाइल माझ्या मेमरीतच आहे असं मला भासव. कर्नल एक पत्ता देतो. त्या पत्त्यावर जिथे बघावं तिथलं पान, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा, तो त्या क्षणी डिस्कवरून आणून समोर ठेवतो. दुकानातला माल घरी न आणता काचेतून बघावा, तसं. फाइल डोंगराएवढी असली तरी उघडायला वेळ लागत नाही.

आता या हाकेच्या नाना खोडी. लांबी शून्य दिली तर कर्नल नाही म्हणतो. सुरुवात पानाच्या कडेवरच हवी, मधे कुठेतरी चालत नाही. काम फसलं तर तो शून्य परत देत नाही, उणे एक देतो. पुडीवाल्याला या सगळ्या खोडी तोंडपाठ होत्या, ते नाकारायचं कारण नाही. त्याच्या आधीच्या माणसाने उणे एकच्या जागी शून्याशी तुलना केली होती, त्यामुळे काम फसलं तरी प्रोग्रामला पत्ताच लागत नसे. तो बिचारा कधीच दुसरीकडे निघून गेला होता. पण पुडीवाला रोजच्या चहाला त्याला बोलावून आणायचा आणि त्याच त्या हसण्यासकट त्याचा पाणउतारा करायचा. "शून्य! अरे, शून्य बघतोय!" ऐकणारे कपात बघत बसायचे.

ज्या भाषेत तो प्रोग्राम लिहायचा ती भाषा मात्र त्याच्याहून शहाणी, म्हणजे संशयी. जे आपल्याला तपासता येत नाही ते तिच्यात तसंच लिहू देत नाहीत. तिथे 'अनसेफ' असा शब्द लिहावा लागतो. हा शब्द दोन ठिकाणी लिहिता येतो आणि सगळी गंमत तिथेच आहे. पुडीच्या आत लिहिला तर अर्थ असा, की आतलं सगळं मी बघून घेतलं आहे, तुम्ही निर्धास्त राहा. पुडीवर, नावाला लागून लिहिला तर अर्थ असा, की बाबांनो, एका गोष्टीची हमी मला देता येत नाही, वापरणाऱ्याने ती सांभाळायची आहे. मग वापरणाऱ्यालाही तो शब्द स्वतःच्या हाताने लिहावा लागतो, आणि लिहिताना क्षणभर थांबून विचार करावा लागतो.

आणि मॅप केलेल्या फाइलची हमी कुणाला देता येत नाही. फाइल डिस्कवर असते. तुम्ही काचेतून बघत असताना दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने ती मागून कापून लहान केली, आणि तुम्ही नेमकं कापलेल्या भागाकडे बघायला गेलात, तर कर्नल तुमचा प्रोग्राम जागच्या जागी मारून टाकतो. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. म्हणून प्रामाणिक माणूस या पुडीवर अनसेफ लिहितो.

पुडीवाल्याने तो आत लिहिला. आणि वर, सगळ्यांना दिसेल असं, टिपणात लिहिलं: 'पूर्णपणे सुरक्षित.'

ही पुडी वापरणार होती पडदेवाली. कंपनीचं मुख्य काम म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांचे भलेमोठे फोटो पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम. पडद्यावर जे दिसतं ते सगळं तिचं, म्हणून ती पडदेवाली. वयाने त्याच्या बरोबरीची, जिभेने त्याच्याहून पुढे.

"सर, फाइल मधेच कुणी कापली तर?" तिने विचारलं होतं.

"कोण कापेल?"

"कुणीही. आपली डिस्क थोडीच आहे? तपासणी केंद्राची आहे."

"हे बघा, केंद्रातल्या लोकांना फाइल म्हणजे काय तेही माहीत नसतं. कापतील कशाला?"

"पण मग वर अनसेफ लिहून का नाही टाकत? मी सांभाळेन माझ्या बाजूने."

तेव्हा तो जे म्हणाला ते ऑफिसात बरेच दिवस फिरत होतं. तो म्हणाला, "माझ्या नावाशेजारी अनसेफ? लोक काय म्हणतील, याला साधी पुडी बांधता येत नाही?"

म्हणजे शून्य लांबीचा नव्हे, पानाच्या कडेचा नव्हे, उणे एकचाही नव्हे, प्रश्न निव्वळ मिजाशीचा होता. एक शब्द दाराबाहेर लावायचा की दाराआड, एवढंच ठरवायचं होतं, आणि या दीडशहाण्याने ते आरशात बघून ठरवलं.

त्याची बायको एका तपासणी केंद्रात काम करायची. काचपट्टी बघून पेशींमध्ये काही वावगं दिसतं का ते शोधायचं, दिसेल तिथे खूण करायची आणि मोठ्या डॉक्टरांकडे पुढे पाठवायचं. हे काम तिने अर्धं आयुष्य केलं होतं. आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, मग पडद्यावर. ती खुर्ची तिने मागून घेतलेली नव्हती, कमावलेली होती. नवशिक्या मुली नमुन्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत काउंटरवर बसतात आणि वर्षानुवर्षं आतल्या खोलीकडे बघत असतात. ती त्या काउंटरवरून आत आली होती. केंद्रात हा प्रोग्राम आणायची शिफारसही तिनेच डॉक्टरांकडे केली होती, नवऱ्याच्या कंपनीचा आहे म्हणून. नवऱ्याने त्याबद्दल तिला काय दिलं असेल? "बरं झालं, तुमच्या त्या जुनाट जागेत एक तरी नीट वस्तू आली," असं म्हणाला.

ती नीट वस्तू बंद पडायला लागली. आणि बंद पडायची ती फक्त तिच्याच टेबलावर.

काचपट्टी बघून झाली की 'तपासून झाली' असं एक बटण दाबायचं असे. बाकीच्या बाया बटण दाबून पुढची पट्टी घ्यायच्या नाहीतर हातपाय मोकळे करायला उठायच्या. हिची जुनी सवय अशी, की बटण दाबल्यावर तीच पट्टी पुन्हा एकदा कडेने फिरून बघायची. काही राहिलं तर नाही ना? सूक्ष्मदर्शकाच्या दिवसांतली खोड होती ती, आणि तिच्या या खोडीने कित्येकांचं दुखणं वेळेवर सापडलं होतं. पण आता ती पुन्हा बघायला गेली की पडदा अचानक नाहीसा व्हायचा. नुसता पडदाच नाही, सकाळपासून केलेल्या आणि जतन व्हायच्या राहिलेल्या खुणाही जायच्या. सगळं पहिल्यापासून. अहवाल उशिरा निघायचे, डॉक्टर तोंड वाकडं करायचे.

"अहो, ते तुमचं आज परत बंद पडलं," ती घरी आल्यावर सांगायची.

"तू काय दाबलंस?"

"काही नाही. नुसतं बघत होते."

"नुसतं बघितल्याने काही बंद पडत नसतं, अगं. काहीतरी दाबलं असशील. तुम्हा लोकांना आठवत नाही."

'तुम्हा लोकांना.' एका ताटात जेवलेला माणूस. तिने पहिल्यांदा वाद घातला, दुसऱ्यांदा घातला, मग गप्प बसायला लागली. शेवटी एक दिवस चपला काढता काढताच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा बंद पडलं तर मला काउंटरवर बसवणार. माझाच हात जड आहे म्हणे. जरा बघा ना हो, तुमच्याच पुडीत काही नाही ना."

पुडीत! घरातही तो शब्द पोचला होता, हे ऐकून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खुर्ची जायची वेळ आली होती तिची, पण दुखावला हा. "आमच्या पुडीत काही नाही," तो म्हणाला. "तू जरा हळू वापर."

त्याच आठवड्यात ते पुन्हा बंद पडलं आणि डॉक्टरांनी थेट कंपनीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, खोलीत मालक होते, पडदेवाली होती. डॉक्टर म्हणाले, आमच्या एकाच टेबलावर हा त्रास आहे, दोष तुमच्याकडे आहे की आमच्याकडे ते सांगा, म्हणजे मला काय ते ठरवता येईल. ते टेबल कुणाचं हे पुडीवाल्याला पक्कं ठाऊक होतं. काय ठरायचं आहे तेही ठाऊक होतं. म्हणजे त्याने निदान 'बघून सांगतो' म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. पण खोलीत माणसं होती आणि माणसं असली की त्याला शंका येत नसे.

"डॉक्टर, खालचा थर मी स्वतः लिहिलेला आहे," तो म्हणाला. "पूर्णपणे सुरक्षित आहे, तसं लिहिलेलंच आहे. वापरणाऱ्याच्या हाताला आम्ही काय करणार?"

लिहिलेलंच आहे म्हणे. लिहिणारा हाच!

तिला काउंटरवर बसवलं. तिच्या जागी आलेल्या मुलीला दुसऱ्यांदा बघायची खोड नव्हती, त्यामुळे त्या टेबलावर काहीच बंद पडेना. डॉक्टरांना वाटलं, बघा, निदान अचूक होतं. संध्याकाळी ती घरी यायची ती बोटांना चिकटलेला डिंक खरवडत यायची. तो तिला म्हणाला, "काउंटर काय वाईट आहे? डोळ्यांना तेवढाच आराम." याहून निर्लज्ज सांत्वन शोधूनही सापडलं नसतं.

खरी भानगड पडदेवालीने शोधली, आणि तीही रागाने. फोनवरचं ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तिने केंद्राकडे चौकशी केली, तुमच्याकडे त्याच डिस्कवर आणखी कोणते प्रोग्राम चालतात? कळलं, की दुसऱ्या एका कंपनीचा जागा वाचवणारा प्रोग्राम आहे. 'तपासून झाली' म्हटलं की तो त्या पट्टीची फाइल दाबून, होती त्याच जागी लहान करून ठेवतो. झालं. एक जण मागून फाइल कापतो, आणि जी बाई काळजीने पुन्हा बघायला जाते तिच्या हातातला प्रोग्राम कर्नल मारून टाकतो. जी बघतच नाही तिला काही होत नाही.

पडदेवालीने त्याला आपल्या टेबलापाशी बोलावलं. पट्टी उघडली, दुसऱ्या खिडकीतून फाइल कापली, पट्टी कडेला सरकवली. पडदा गेला. तिने पुन्हा केलं. पुन्हा गेला.

"नुसतं बघितलं, सर," ती म्हणाली. "काही दाबलं नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण तोंडातून निघालं ते हे: "त्या लोकांनी जागच्या जागी कापायला नको होतं."

"ते कापतील म्हणून तर तो शब्द आहे ना?"

दुपारभर बसून त्याने अनसेफ पुडीवर लिहिला, खाली अट लिहिली, आणि पडदेवालीने तिच्या बाजूने पट्टी झाली की मॅपिंग सोडून द्यायची सोय केली. पुन्हा बघायचं असेल तर फाइल नव्याने उघडेल. काम चोख झालं. ग्राहकांना कळवायचं एक वाक्य त्याच्यावर होतं. त्याने लिहिलं, 'नव्या आवृत्तीत वेग वाढवला आहे.' मालकांनी ते न वाचता पाठवून दिलं.

घरी येईपर्यंत घाम वाळला होता आणि मिजास परत आली होती. जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं, एखाद्याने अवघड शिकार सांगावी तसं. कर्नल कसा, पानं कशी, दुसरा प्रोग्राम मागून कसा कापतो. "जगात फार थोड्यांना सापडलं असतं हे," तो म्हणाला. पडदेवालीचं नाव सांगायला तो अर्थातच विसरला.

ती ऐकत होती. घास तिच्या हातातच राहिला.

"म्हणजे माझ्या हातून काही होत नव्हतं."

"तसं बघितलं तर, नाही."

"मी पुन्हा बघायचे म्हणून ते बंद पडायचं."

"हो, पण त्याला कारण..."

"आणि हे तुम्हाला आज कळलं. आणि तुम्ही मला जेवताना सांगताय." तिने घास ताटात ठेवला. तिच्या आवाजात रडू नव्हतं, संताप होता, इतके दिवस गिळलेला. "उद्या माझ्याबरोबर यायचं. डॉक्टरांसमोर सांगायचं."

"अगं, त्यांना यातलं काय कळणार आहे?"

"कळेल असं सांगा. मला माझी खुर्ची पाहिजे."

तो गेला, हे खरं. सकाळी डॉक्टरांच्या खोलीत दोघं उभी राहिली आणि त्याने कर्नलपासून सुरुवात केली. पानं झाली, पत्ते झाले, जागा वाचवणारा प्रोग्राम झाला. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. तेव्हा ती मधेच म्हणाली, "अहो, एका वाक्यात सांगा."

त्याने तिच्याकडे बघितलं. आणि मग, उभ्या जन्मात पहिल्यांदा, कशातही न गुंडाळता म्हणाला, "डॉक्टर, चूक माझी होती. हिची नव्हती."

तिने श्वास सोडला.

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि मग खुर्चीत मागे रेलून हसले. मनापासून, प्रेमाने हसले. "अहो, फोनवर तुम्हीच सांगितलं होतंत ना, वापरणाऱ्याचा हात म्हणून? तेव्हा कंपनीचे म्हणून बोललात, आज नवरा म्हणून आलात. समजतं मला." त्यांनी टेबलावरचा कागद बोटाने पुढे सरकवला. "नव्या आवृत्तीत तर फक्त वेग वाढवलाय, तुमच्याच कंपनीने कळवलंय. आणि ताई तिथून उठल्यापासून एकदाही बंद पडलेलं नाही. मग?" ते तिच्याकडे वळले. "पण ताई, नशीब काढलंत हो. बायकोसाठी स्वतःवर खापर फोडून घेणारे नवरे आजकाल राहिलेत कुठे!"

ती नवऱ्याकडे बघत होती. आता फक्त एवढंच करायचं होतं, की नाही म्हणायचं. कुणी चुकीचं वाक्य बोललं की ते दुरुस्त केल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. लग्नाच्या मांडवातही त्याने कुणाकुणाला दुरुस्त केलं होतं. आणि समोर डॉक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकीचं बोलले होते. त्याने तोंड उघडलं. मग ते कौतुक त्याच्या कानांतून आत गेलं असावं, कारण चेहरा हळूहळू सैल झाला आणि त्यावर एक लाजरं हसू आलं.

"तसं काही नाही, डॉक्टर," तो म्हणाला. अगदी विनयाने म्हणाला.

डॉक्टरांनी उठून त्याचा हात हातात घेतला. ती तोवर खोलीबाहेर पडली होती. काउंटरसमोर माणसं उभी होती. तिने पहिल्याच्या हातातली नळी घेतली आणि नाव विचारलं.